वाचकांचे प्रश्न : कादंबरीला मार्क द्यायचे कसे आणि पुढची निवडायची कशी

या वेळी आलेल्या पत्रांमधली बरीचशी एकाच विषयाभोवती फिरतायत, म्हणजे वाचलेली कादंबरी कितपत चांगली होती हे स्वतःपुरतं ठरवायचं कसं आणि पुढची हातात घ्यायची कुठली. म्हणून ती सगळी एकत्रच घेतली आहेत. पहिलं पत्र बरंच लांब होतं, त्यातला मुख्य भाग तेवढा देतेय.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करतो. वाचलेल्या प्रत्येक कादंबरीची एक्सेलमधे नोंद ठेवतो. भाषेला २५, कथानकाला २५, पात्रांना २५, शेवटाला २५ आणि मग शंभरात बेरीज. पण घोळ असा होतोय की माझ्या शीटमधे 'कोसला'ला ५८ पडलेत आणि एका रहस्यकथेला ८१, जिच्यातल्या इन्स्पेक्टरचं नावसुद्धा मला आता आठवत नाही. 'कोसला' मात्र डोक्यातून जाता जात नाही. भाषेचं वेटेज ४० करून बघितलं तरी आकडे पटत नाहीत. कुठे काय चुकतंय? आणि तुम्ही स्वतः काय करता?

उत्तर : शीट ठेवता हे फार छान करता, ती अजिबात बंद करू नका. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणारी माणसं मला मनापासून आवडतात. पण वेटेज कितीही हलवलंत तरी आकडे पटणार नाहीत, कारण अडचण बेरजेतच आहे. बेरीज करताना आपण धरून चालतो की भाषा एका डब्यात, पात्रं दुसऱ्या डब्यात, कथानक तिसऱ्यात, आणि प्रत्येक डबा वेगळा उघडून मोजता येतो. चांगल्या कादंबरीत हे डबेच नसतात हो. 'कोसला' (१९६३) घ्या. कथानक सांगायचं तर खानदेशातल्या खेड्यातला एक मुलगा पुण्याला शिकायला येतो, पैसे उडवतो, शिक्षणाचं धड काही होत नाही आणि शेवटी गावी परत जातो, बस एवढंच. एवढ्याला २५ पैकी किती देणार? पण हे सगळं पांडुरंग सांगवीकर ज्या सुरात सांगतो त्या सुरामुळे ते कथानक होतं, आणि तोच सूर म्हणजे ते पात्र. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते तो भाग परत काढून वाचा आणि भाषा कुठे संपली, माणूस कुठे सुरू झाला, रेघ मारता येते का बघा. मला तरी नाही मारता येत.

उलट बाजूनेही तेच. 'मृत्युंजय' (१९६७) तुमच्या शीटमधे असणारच, आणि तिला कथानकात पैकीच्या पैकी दिले असतील. पण कर्णाची गोष्ट महाभारतातच आहे, ती आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. शिवाजी सावंतांनी जे केलं ते वेगळंच, त्यांनी कादंबरीचे नऊ भाग केले आणि ते सहा जणांच्या तोंडून सांगितले, स्वतः कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि कृष्ण. मग तिला मार्क द्यायचे ते याचे, की हे सहा आवाज खरंच सहा वाटतात का, शोण बोलतो तेव्हा तो धाकटा भाऊ वाटतो का, की सगळे एकाच भरजरी भाषेत बोलतायत. 'ययाति'लाही (१९५९) हाच प्रश्न विचारायचा, तिथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघं आपापली बाजू मांडतात. आणि 'रणांगण' (१९३९) वाचायला घेतलीत की हे प्रश्न उपयोगाचेच राहत नाहीत, कारण तिथे युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट आहे, बोटीवर नाझींनी देशोधडीला लावलेले ज्यू आहेत, त्यांच्यात हॅर्टा आहे आणि मायदेशी परतणारा चक्रधर आहे, आणि प्रवासाचे मोजके दिवस. विश्राम बेडेकरांनी त्या मोजक्या दिवसांत काय बसवलंय हे विचारायचं. थोडक्यात प्रत्येक कादंबरी आपली प्रश्नपत्रिका स्वतः काढते, आपण ती आधी वाचायची आणि मग तपासायला बसायचं.

मी स्वतः काय करते ते विचारलंयत म्हणून सांगते. कादंबरी संपली त्या दिवशी वहीत फक्त नाव, लेखक, तारीख आणि प्रत कुठून आणली एवढंच लिहिते. मार्क अजिबात नाही. संपल्या संपल्या शेवटच्या वीस पानांचा अंमल आपल्यावर असतो, शेवट रडवणारा असला की सगळीच कादंबरी थोर वाटते आणि शेवट गुंडाळलेला असला की आधीची तीनशे चांगली पानंही विसरायला होतात. महिना-दीड महिना जाऊ देते आणि मग पुस्तक न उघडता, मागचा मजकूर न बघता, आठवतंय तेवढं लिहून काढते. 'बनगरवाडी'ची (१९५५) माझी नोंद अशी आहे : नवीन कोवळा मास्तर, औंध संस्थानातली धनगरांची वस्ती, शाळा आहे पण पोरं मेंढरांमागे गेलेली, गाव मिळून तालीम बांधतं, राजा येतो, आणि मग पाऊस येत नाही आणि वस्ती उठते. लिहिताना माझ्या लक्षात आलं की मला मास्तरपेक्षा ती वस्तीच जास्त आठवतेय, कोण कुठे बसतं, कोण कसं बोलतं. हे माडगूळकरांनी दीडेकशे पानांत केलंय. ही नोंद हाताशी असली की आकड्याची गरजच उरत नाही, आणि द्यायचाच असेल तर तो चटकन देता येतो.

मग त्याच्याखाली मी दोन प्रश्नांची उत्तरं लिहिते आणि ती मुद्दाम वेगळी ठेवते. एक, मला आवडली का, म्हणजे परत वाचेन का, विकत घेऊन घरात ठेवेन का. दोन, तिने असं काही केलंय का जे मी आधी वाचलेलं नव्हतं. ही दोन उत्तरं नेहमी जुळत नाहीत आणि ती जुळवायची पण नसतात. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) घ्या, मराठी वाक्य असंही तोडता-जोडता येतं, काळ असाही पुढे-मागे करता येतो हे त्या कादंबरीने दाखवलं, दुसऱ्या प्रश्नाला तिला माझ्याकडून सगळे मार्क. परत वाचायला मात्र मी ती पटकन काढत नाही. 'तुंबाडचे खोत' (१९८७) याच्या अगदी उलट. सांगण्याची रीत जुनीच, घराण्याची गोष्ट, चार पिढ्या, दोन जाडजूड खंड, नवा प्रयोग म्हणावा असं काही नाही, पण पावसाळा लागला की मला ती काढावीशी वाटते आणि एकदा सुरू केली की पेंडसे सोडत नाहीत. दोघींची एकत्र बेरीज करून सरासरी काढली तर दोघींचंही खरं रूप त्या आकड्यात दिसणार नाही.

तुमच्या त्या रहस्यकथेबद्दलही दोन शब्द, कारण तिला ८१ दिलेत याची तुम्हाला थोडी लाज वाटतेय असं पत्रावरून वाटलं. लाज कशाला? रहस्यकथेचं काम वेगळं. गाठ प्रामाणिकपणे मारली होती का, सुटण्याआधी वाचकाला सगळे धागे दाखवले होते का, रात्री दिवा बंद करू दिला नाही का, एवढं तिला विचारा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड यांच्या नादाने कितीतरी घरांत माणसं वाचायला लागली, आणि पुढे हेच वाचक बाकीच्या साहित्याकडे वळले. तेव्हा रहस्यकथांची वेगळी शीट करा. एकाच शीटमधे 'कोसला'च्या खाली तिला लावलंत की दोघींवर अन्याय होतो.

आणि जुन्या नोंदी खोडू नका. हे फार महत्त्वाचं आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात प्रकरणाप्रकरणाने छापून आली होती, म्हणजे त्या काळातले वाचक यमूच्या आयुष्याची आठवडाभर वाट बघत होते. मी ती कॉलेजमधे वाचली तेव्हाच्या नोंदीत फक्त यमूवर होणारे अन्याय आहेत आणि शेवटाबद्दलचा संताप आहे. पुढे परत वाचली तेव्हाच्या नोंदीत यमूची मैत्रीण दुर्गी आहे, घरातली मोठी माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते आहे, आणि सांगणारी बाई आपल्या लहानपणातल्या बारीकसारीक गमती किती मायेने सांगतेय ते आहे. दोन्ही नोंदी एकाखाली एक तारखेसकट आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. तुमच्या एक्सेलमधे एवढंच करा, प्रत्येक नावापुढे आणखी तीन कॉलम घाला, आठवतंय काय, आवडली का, नवीन काय, आणि तिन्ही शब्दांत भरा. आकड्यांचे जुने कॉलम राहू देत, वर्षभराने दोन्ही शेजारी ठेवून वाचा आणि तुम्हाला पुढची कादंबरी निवडायला कुठल्या कॉलमची मदत होते ते मला नक्की कळवा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. डिसेंबरमधे तीन आठवडे घरी येते आणि परत जाताना बॅगेत मराठी कादंबऱ्या भरून नेते. २३ किलोत पापड-मसाल्यांसोबत पुस्तकं बसवायची असतात, त्यामुळे निवडून घ्यावी लागतात. ऑनलाइन स्टार बघून घेते पण निम्म्या तरी निराश करतात. ४.५ स्टारची कादंबरी अशी कशी निघते?

उत्तर : कारण त्या साडेचारात तुम्ही समजता ते मोजलेलंच नसतं. गुडरीड्सवरच बघा, तिथे मुळात तीन स्टार म्हणजे आवडलं, चार म्हणजे खूप आवडलं आणि पाच म्हणजे अफाट असा अर्थ ठरवलेला होता, दोन स्टारसुद्धा 'ठीक' होते. पण आता आपण सगळे टॅक्सीला आणि जेवण आणून देणाऱ्याला स्टार देऊन देऊन असे सवयीचे झालोय की चारच्या खाली दिलं म्हणजे तक्रार केली असं वाटतं. म्हणून सगळ्यांनाच चार-पाच. शिवाय मराठी कादंबऱ्यांना मत देणारेच मोजके, दहा-पंधरा जणांची सरासरी म्हणजे लेखकाच्या ओळखीपाळखीचे आणि ज्यांना तो विषय आधीच प्रिय आहे असे लोक. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या बाबतीत तर हे फारच होतं, स्टार महाराजांना दिलेले असतात, पेशव्यांना दिलेले असतात, आणि ते आदरापोटी दिलेले असतात म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त कादंबरी कशी लिहिली आहे ते त्यातून कळत नाही. 'स्वामी' (१९६२) आणि नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' (१९९७) दोन्ही अठराव्या शतकातल्या, एक माधवराव पेशव्यांवर प्रेम करत लिहिलेली आणि दुसरी एका साध्या माणसाच्या तोंडून त्या काळाकडे तिरक्या नजरेने बघणारी. एक आवडणाऱ्याला दुसरी आवडेलच असं नाही आणि सरासरी आकडा हे सांगत नाही. ऑनलाइन मतं वाचायचीच असतील तर तीन स्टारवाली वाचा. ज्याला आवडलं पण काहीतरी खटकलं तो माणूस नेमकं लिहितो.

दुकानात गेलात की पहिलं पान आणि मलपृष्ठ बाजूला ठेवा. पहिलं पान लेखकाने वीस वेळा घासलेलं असतं आणि मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो. मधलं पान उघडा. इंग्रजीत ९९ वं पान उघडून बघायची एक जुनी रीत आहे, ती फोर्ड मॅडॉक्स फोर्ड या कादंबरीकाराच्या नावावर सांगतात. आपल्या कितीतरी चांगल्या कादंबऱ्या दीडशे पानांतच संपतात, तिथे ९९ व्या पानावर शेवट जवळ आलेला असतो, म्हणून मी साधारण एक तृतीयांश पुस्तक झाल्यावरचं पान उघडते. तिथे लेखकाचा सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो आणि तो रोजच्या चालीने चाललेला असतो. त्या पानावर संवाद असेल तर बोलणाऱ्यांची नावं बोटाने झाका आणि वाचा. कोण बोलतंय हे कळतं का? सासू, सून आणि वकील तिघं एकाच प्रमाण मराठीत, एकाच लांबीच्या वाक्यांत बोलत असतील तर मी पुस्तक परत ठेवते. संवाद नसेल तर त्या पानावरची एखादी वस्तू शोधा, कंदील, सायकल, रेशनकार्ड, काहीही, आणि ती नुसती उल्लेखापुरती आहे की कोणीतरी ती खरंच हाताळतंय ते बघा. मला हे दोन मिनिटांत कळतं, तुम्हालाही थोड्या सरावाने कळायला लागेल.

मुखपृष्ठाच्या आतलं ते बारीक अक्षरातलं पानही वाचा. त्यावर 'आठवी आवृत्ती' असं दिसलं की आपण भारावतो, पण मराठीत बऱ्याचदा नुसत्या पुनर्मुद्रणालाही आवृत्तीच म्हणतात आणि एका वेळी हजार-अकराशे प्रतीच छापलेल्या असतात. माझी नजर पहिली आवृत्ती आणि ताजी आवृत्ती यांच्यामधल्या वर्षांवर जाते. पन्नास वर्षांपूर्वीची कादंबरी आजही कोणीतरी छापतंय याचा अर्थ एका पिढीने पुढच्या पिढीला ती सांगितली आहे.

आणि तुम्ही तीन आठवडे असता, तर पहिल्या आठवड्यात विकत काहीच घेऊ नका, नातेवाइकांच्या कार्डावर वाचनालयात जा. पुण्याला असाल तर पुणे नगर वाचन मंदिर आहे, १८४८ पासूनचं, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्याच्या गावी एखादं तरी जुनं वाचनालय असतंच. महाबळेश्वर-पाचगणीला फिरायला जाणार असाल तर वाटेत भिलारला थांबा, पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत बसून वाचता येतं आणि कोणी उठवत नाही. वाचनालयाच्या प्रतीइतकं खरं परीक्षण दुसरं नाही. पुस्तक मिटवून पानांच्या कडा उजेडात धरा. हात लागून लागून कडा काळपट झालेल्या असतात, आणि तो काळपटपणा कुठपर्यंत गेलाय ते बघा. पहिली चाळीस पानं मळलेली आणि पुढची कोरी असतील तर एकामागून एक वाचकांनी तिथेच सोडलंय. शेवटपर्यंत सारखी मळलेली असेल तर डोळे झाकून घरी न्या. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्के जवळजवळचे असतील तर आणखीच चांगलं. (काही वाचनालयांनी आता संगणक आणून या चिठ्ठ्या बंद केल्या आहेत, मला त्याचं खरंच वाईट वाटतं.)

वजनाचं म्हणाल तर सुदैवाने आपल्याकडे बारीक अंगाच्या फार सुंदर कादंबऱ्या आहेत. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१), शिंप्याची बायको तिच्या मराठवाडी बोलीत घराची पडझड सांगते, वाचताना ती समोर बसून बोलतेय असं वाटतं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६), भाऊ आणि बहीण दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि तीच गोष्ट आधी तो सांगतो, मग ती. 'रणांगण' वर आलीच आहे. या तिन्ही मिळून एका पापडाच्या पाकिटाच्या जागेत बसतील. खंडाखंडांच्या कादंबऱ्या ईबुकमधे मिळाल्या तर तशा घ्या.

प्रश्न : पुरस्कार मिळालेली कादंबरी घेतली तर धोका कमी असतो का?

उत्तर : थोडा कमी असतो. पुरस्काराचा मला होणारा खरा उपयोग म्हणजे माहीत नसलेलं नाव कळतं. कृष्णात खोतांना २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'रिंगाण'साठी मिळाला तेव्हा कितीतरी लोकांनी त्यांची आधीचीही पुस्तकं शोधून वाचली, हे फार चांगलं झालं. 'झाडाझडती'मुळे (१९९१) धरणग्रस्तांचं जगणं शहरातल्या वाचकांपर्यंत पोचलं, त्यात पुरस्काराचा वाटा आहेच. पण पुरस्कार नाही म्हणून कादंबरी खाली उतरत नाही. नेमाड्यांना अकादमी पुरस्कार मिळाला तो 'टीकास्वयंवर' या समीक्षेच्या पुस्तकाला, 'कोसला'ला नव्हे. नंदा खरे यांच्या 'उद्या'ला २०२० चा मिळाला तर त्यांनी तो घेतला नाही, आणि त्याने कादंबरीत एक अक्षरही बदललं नाही. पुरस्काराच्या यादीतून नाव उचला आणि मग मधलं पान उघडा.

प्रश्न : हातात घेतलेली कादंबरी अर्धवट सोडली की मला अपराधी वाटतं. किती पानांनंतर सोडणं योग्य? आणि सोडलेल्या कादंबरीला रेटिंग द्यावं का?

उत्तर : नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्यांचा नियम प्रसिद्ध आहे. पन्नास पानं वाचा, नाही आवडलं तर सोडा, आणि तुमचं वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, येईल तेवढीच पानं वाचा. साठीच्या माणसाला चाळीस. मला हा नियम आवडतो कारण त्यात वाचकाच्या वेळेची कदर आहे. आपल्याकडे मात्र त्यात एक भर घालावी लागेल, बोलीभाषेची. आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) पहिल्यांदा उघडली की शहरात वाढलेल्या वाचकाला नारबाचं बोलणं अडखळत वाचावं लागतं, डोळे पुढे सरकत नाहीत, आणि आपल्याला वाटतं कंटाळा आला. कंटाळा नसतो तो, कानाला सवय नसते. अशा वेळी मोठ्याने वाचा, खरंच आवाज काढून, घरच्यांना काय वाटायचं ते वाटू दे. पाच-दहा पानांत कान बसतो आणि मग ट्रॅक्टर आल्यावर त्या मळ्यातल्या जनावरांचं आणि नारबाचं काय होतं ते वाचल्याशिवाय राहवत नाही. ही संधी दिल्यावरही दोन-तीन दिवस पुस्तक उघडावंसं वाटलं नाही तर खुशाल सोडा, लेखकाचा त्यात अपमान नाही.

रेटिंग देऊ नका. न वाचलेल्या अर्ध्या भागाबद्दल आपण काय बोलणार. वहीत पान नंबर आणि कारण लिहा, 'पान ७२, सगळेच भाषण देतायत' किंवा 'पान ३०, सध्या मन लागत नाही'. दुसऱ्या प्रकारची कारणं असलेली पुस्तकं काही वर्षांनी परत काढायची असतात, म्हणून कारण लिहून ठेवणं फार गरजेचं आहे.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. इंग्रजी फँटसी भरपूर वाचतो, जाडजाड सिरीज संपवतो, पण मराठी कादंबरीला हात लावत नाही. त्याच्यासाठी पहिली कुठली निवडू? 'मृत्युंजय' देऊन बघितली, शंभर पानांत ठेवून दिली.

उत्तर : जो मुलगा जाडजाड सिरीज संपवतो तो वाचक आहेच, त्याबद्दल निश्चिंत राहा. 'मृत्युंजय' चांगलीच आहे पण मराठी वाचायची सवय नसलेल्याला ती अलंकारिक भाषा आणि पानांची संख्या दोन्ही एकदम जड जातात. त्याला आवडतं ते बघून निवडा. फँटसीत त्याला लढाया, सत्तेविरुद्ध उभं राहणारा नायक, वेगाने पुढे जाणारी गोष्ट हे आवडत असेल तर अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) द्या. वारणेच्या खोऱ्यातला फकिरा दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य आणि इंग्रजांचा खजिना लुटतो, गोष्ट पहिल्यापासून धावते, आणि हा सगळा मुलूख त्याला सुट्टीत दाखवताही येईल. फँटसीतल्या त्या वेगळ्या जगाचीच ओढ असेल, नकाशे, प्रथा, तिथली माणसं, तर 'बनगरवाडी' द्या, ते जगही त्याच्यासाठी तितकंच नवीन असेल आणि पानं कमी आहेत.

पहिलं प्रकरण तुम्ही त्याला वाचून दाखवा, पंधरा वर्षांच्या मुलालाही चालतं, थोडा लाजेल पण ऐकेल. अडलेल्या शब्दाचा अर्थ तिथेच सांगून पुढे जा, डिक्शनरी काढायला लावू नका. संपल्यावर सारांश विचारू नका. किती स्टार देशील ते विचारा आणि का ते विचारा, आणि त्याने दोनच दिले तर ते दोन तसेच मान्य करून पुढची कुठली आणायची ते त्यालाच ठरवू द्या.